घोड्यावरून उतरलेला उमेदवार

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीची डाळ पाखडत होते. पुतण्याने नीट काही सांगितलंच नाही. "आत्या, तुम्ही निघा," एवढंच म्हणाला... मी समजले. हिंगोलीहून निघालेल्या एसटीत खिडकीशी बसले, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. औंढा मागे पडलं, आणि कंडक्टरने नेहमीच्या आवाजात "शिरड शहापूरवाले, चला उतरा" म्हणून हाक दिली तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही. आमचं गाव ते. त्या गावात उतरणारं आमच्या घरचं आता मी सोडून कुणी राहिलं नव्हतं. गाडी पुढे परभणीला गेली, मीही दादाच्या घरी गेले, सगळं व्हायचं ते झालं. आता त्याला महिना होऊन गेला आहे, म्हणून लिहायला बसले.

दादा गेल्यावर वर्तमानपत्रांत बरंच छापून आलं. निवृत्त उपजिल्हाधिकारी, कर्तव्यदक्ष, मितभाषी, शिस्तप्रिय. 'शिस्तप्रिय' वाचून मला त्या दिवसांतही हसू आलं. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात स्वतःचा चष्मा कधी एका जागी सापडला नाही, तो म्हणे शिस्तप्रिय! असो, मेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच बोलतात, आणि दादाबद्दल तर ते बरंचसं खरंही आहे. पण त्याच्या नापास होण्याबद्दल कुणी एक ओळही लिहिली नाही. लिहिणार तरी कसे? ते ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे. आणि मनातलं सांगायचं तर दादाच्या सगळ्या हुद्द्यांपेक्षा मला त्या नापास होण्याचा अभिमान जास्त आहे.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, स्वातंत्र्याच्या दोन-तीन वर्षं आधीची. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चालायचा. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, उर्दूचं अक्षर कळत नव्हतं. शेताच्या बांधाचा काही तंटा घेऊन ते एकदा तहसिलीत गेले. साहेब काहीतरी बोलले, कारकून काहीतरी बोलला, आणि आबा घरी येऊन मायला म्हणाले, "काय ठरलं ते कळलंच न्हाई बग. जिंकलो का हरलो, ते बी कळंना." आम्ही सगळे हसलो. आबा हसले नाहीत. बहुधा त्याच दिवशी त्यांच्या मनाने घेतलं असावं, की आपलं म्हणणं समजेल असा एक तरी साहेब आपल्या घरातून व्हावा. दादा तेव्हा हैदराबादेत वसतिगृहात राहून बी.ए. झाला होता. राज्याच्या मुलकी नोकरीची स्पर्धा परीक्षा असते आणि ती पास झालेला थेट साहेब होतो, हे त्यानेच घरी सांगितलं. आमच्या पंचक्रोशीतून त्या परीक्षेला कुणी बसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी औताला बैल जुंपता जुंपता सांगितलं, "एक डाव जाय. झालं तर झालं. न्हाई झालं तर तिफण हायेच." आबांचा शब्द म्हणजे शब्द. दादाला एकच डाव मिळणार होता, हे घरातल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

अभ्यासाला घरात जागा नव्हती, म्हणून दादाने शेतातल्या मचाणावर बिऱ्हाड मांडलं. शाळू हुरड्यात आला होता, पाखरं राखायला कुणीतरी लागतंच, तेव्हा आबांचंही काम झालं आणि त्याचंही. एका हातात गोफण, दुसऱ्या हातात महसुलाच्या कायद्याचं पुस्तक. आधी तो वाचता वाचता मध्येच थांबून गोफण फिरवायचा. मग त्याच्या ध्यानात आलं, की कलमं मोठ्याने पाठ म्हटली की पाखरं आपोआप उठतात. झालं! सबंध शिवारात जमाबंदी, लगान, पट्टा यांचा उर्दूतून गजर सुरू झाला. मी भाकरी घेऊन जायची तेव्हा शेजारच्या शेतातली कासाई नावाची काकू खुरपं थांबवून मला विचारायची, "काहून गं, तुजा भाऊ काय मंतर म्हणून राहिला? पाखरं समदी आमच्याकडं यायलीत की!" दादा वरून ओरडायचा, "काकू, तुमच्याकडं कायदा न्हाई, म्हून यायलीत." त्याचा अभ्यास मी असा ऐकला, म्हणून मलाही त्यातली कलमं पाठ झाली. अर्थ एकाचाही कळत नव्हता. दादा मध्येच थांबला की मी पुढचा शब्द सांगायची आणि तो कपाळावर हात मारून घ्यायचा.

लेखी परीक्षेची त्याला धास्ती नव्हती, तोंडीचीही फारशी नव्हती. धास्ती होती घोड्याची. साहेब झाल्यावर गावोगाव दौरे करायचे, सडका धड नाहीत, म्हणून उमेदवाराला घोड्यावर बसता आलंच पाहिजे असा नियम होता. आमच्या घरी बैल होते, म्हैस होती, घोडं कुठलं? पण गावात इमामचाचांची घोडी होती. चाचा बांगड्या विकायचे. बांगड्यांच्या करंड्या घोडीवर लादून औंढा, वसमत, जवळाबाजार असे आठवड्याचे बाजार करायचे. आमच्या पिढीतल्या झाडून सगळ्या पोरींचे हात त्यांनी भरलेले. आबा त्यांना जाऊन भेटले, तर चाचा म्हणाले, "लेकरू तुमचं तसं माझं. राणी हाय, मैदान हाय, शिकू द्या." अशी ती राणी दादाची घोडी झाली आणि चाचा त्याचे उस्ताद.

राणीची गंमत अशी, की जन्मभर तिने पाठीवर काच वाहिलेली. एकही बांगडी तडकू नये अशी तिची चाल. पाठीवर दादा असो की कुणी असो, ती पाऊल उचलायची ते जपून आणि ठेवायची तेही जपून. दादा टाचा मारून थकायचा. चाचा बांधावर बसून पोट धरून हसायचे, "अरे बेटा, इसकू अब्बी बी लगता पीठ पे चूड़ियाँ हैं!" शेवटी त्यांनी तिला रोज नुसती मोकळी पळवली, तेव्हा कुठे तिला उमगलं, की ओझं उतरलं आहे. महिन्याभरात दादा पांदणीतून असा भरधाव यायला लागला, की माय दारातूनच त्याची दृष्ट काढायची.

चाचांनी त्याला आणखी एक गोष्ट शिकवली. शिकवली असंही म्हणता येणार नाही, ती आमच्याकडे सगळ्यांच्याच अंगात होती. वाटेत वडीलधारं माणूस बसलेलं असेल, तर त्याच्यापुढून घोड्यावर बसून जायचं नाही. खाली उतरायचं, लगाम हातात धरून चार पावलं चालायचं, रामराम नाहीतर सलाम करायचा आणि पुढे जाऊन पुन्हा बसायचं. माणूस उभा असला, चालत असला, तर एवढी अडचण नाही. बसलेल्याचा मान मात्र राखायचाच. चाचा बाजाराला निघाले की चावडीपर्यंत जाईतो किती वेळा उतरायचे आणि चढायचे! त्यांना कुणी ते सांगावं लागत नव्हतं, दादालाही लागलं नाही.

दादा हैदराबादला गेला. लेखी उत्तम झाली. तोंडीच्या वेळी साहेबांनी पेरणीबद्दल काहीतरी विचारलं, मग काय, हा थांबेचना. राहिली घोड्याची परीक्षा. मोठं मैदान, त्याला एक पूर्ण फेरी. नियम एकच, फेरी पुरी होण्याआधी पाय जमिनीला लागला की उमेदवार नापास. दादाला घोडा मिळाला तो चांगला उंचापुरा आणि चपळ. बाकीचे उमेदवार जहागीरदारांची, अंमलदारांची मुलं, पण दादा म्हणायचा, की त्या दिवशी त्याच्यासारखा घोडा कुणीच पळवला नाही. अर्धी फेरी झाली... आणि वळणावर, लिंबाच्या सावलीत, एक म्हातारा बसला होता. मैदानातलं गवत कापणारा. शेजारी गवताचा भारा, विळा पायाशी. दादाने लगाम खेचला, खाली उतरला, घोडा हातात धरून म्हाताऱ्यापुढून चालत गेला, त्याला सलाम केला, पुढे जाऊन पुन्हा रिकिबीत पाय घातला आणि फेरी पूर्ण केली. आपण काही चूक केली, हे त्याच्या गावीही नव्हतं. बाकीचे उमेदवार का हसत आहेत, हे त्याला कळेना.

परीक्षक साहेबांनी विचारलं, "उतरे क्यों?" दादाने सांगितलं, की आमच्याकडे बसलेल्या बुजुर्गापुढून स्वार होऊन जात नाहीत. "वो घसियारा है," साहेब म्हणाले. त्यावर दादा म्हणाला, "साहब, मैंने उसकी उम्र देखी, काम नहीं देखा." साहेबांनी यादी पुढे ओढली. मग त्याच्या नावापुढे 'नापास' लिहिलं. माणूस वाईट नव्हता. जाता जाता एवढं सांगितलं, की लेखी आणि तोंडीचे गुण कायम राहतील, घोड्याची परीक्षा मात्र पुढच्या खेपेला एकदा पुन्हा देता येईल. तेव्हा उतरलात तर नोकरी विसरा.

दादा घरी आला आणि उंबऱ्यातच बसून त्याने सगळं सांगितलं. मायने कपाळ बडवलं. "गवत कापणाऱ्यापायी साहेबकी घालवलीस रे लेकरा!" आबा चिलीम ओढत राहिले. आता तिफणीची भाषा निघणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. आबांनी विचारलं, "तू आला तवा म्हातारा उठून उभा राहिला व्हता काय रं?"

"न्हाई आबा. बसूनच व्हता. हसला मातर."

"मंग बराबर उतरलास." आबांनी चिलमीतली राख झटकली. "पण आता न्हाई उतरायचं."

"आबा, तुमी एकच डाव म्हणला व्हता..."

"व्हय, एकच. पण त्यो डाव सरला कुटं? अजून चालूच हाय."

आता खरी पंचाईत सुरू झाली. घोड्यावर बसायला शिकणं सोपं होतं, न उतरायला शिकणं महाकठीण. दादा म्हणायचा, समोर म्हातारं माणूस दिसलं की माझा पाय आपोआप रिकिबीतून निघतो, मला कळायच्या आत निघतो. यावर तोड इमामचाचांनी काढली. ते म्हणाले, सवय मोडायची तर गावातल्या म्हाताऱ्यांनीच रस्त्यावर बसलं पाहिजे. आणि आमच्या गावाने ते केलं! दिवस कलला की पांदणीच्या दोन्ही अंगांना गावातली सगळी म्हातारी मंडळी ओळीने येऊन बसायची, आपला अपमान करून घ्यायला. "जाय लेकरा, आमी परवानगी दिली तुला," असं म्हणायची. दादा यायचा आणि पहिल्या म्हाताऱ्यापाशीच सरकन खाली. सगळे ओरडायचे, "आरं उतरला, उतरला!" पुन्हा मागे जायचं, पुन्हा यायचं. हळूहळू तो एकेकाला ओलांडून जायला लागला, खाली मान घालून, चोरासारखा. तर एका आजोबांचा रुसवा, "परवानगी दिली म्हून इतक्या जोरात जायाचं काय रं?" दुसऱ्या एकांची तक्रार, की शेजारच्यापुढून अर्धवट तरी उतरला, माझ्यापुढून तेवढंही नाही. चाचा मधोमध उभे राहून ओरडायचे, "नजर सामने, बेटा, नजर सामने!" मी कुंपणापाशी उभी राहून हे बघायची आणि हसून हसून माझे गाल दुखायचे.

असे बरेच दिवस गेले. दादा सगळ्यांपुढून जायला शिकला. आबा मात्र तिकडे फिरकले नव्हते. मग एक दिवस ते शेतातून आले ते थेट पांदणीतच. खांद्यावरची घोंगडी वळणावर अंथरली आणि मांडी घालून बसले.  दादा लांबून येत होता. आबांना बघून त्याने राणीला थांबवलं.

"आबा, तुमी उठा."

"न्हाई उठत. जाय."

"आबा, तुमच्या पुढून न्हाई जमायचं मला."

"तिथं बी कुनाचा तरी बापच बसलेला असंल. माज्यापुढून जमलं, तर तिथं जमंल. जाय म्हणतो ना!"

दादा मागे गेला. बराच वेळ आलाच नाही. मग टापा ऐकू आल्या... तो आला आणि आबांपुढून घोड्यावर बसून गेला. त्याने नजर समोर ठेवली होती, चाचांनी सांगितल्याप्रमाणे, पण त्याचा चेहरा ओला झाला होता. आबा त्याच्याकडे बघत नव्हते, ते राणीच्या टापांकडे बघत होते. मला त्या क्षणी त्या परीक्षेचा इतका राग आला, की काय सांगू. दादा पुढे जाऊन खाली उतरला, पळत मागे आला आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, नाही असं नाही. पण म्हणाले, "चल, घोड्यावर बस आन् पुन्यांदा जाय. एकदा तर कुनालाबी जमतं."

दादा पास झाला. सगळ्या विभागात वरच्या नंबरात आला. चाचांनी त्या दिवशी गावातल्या पोरींना फुकट बांगड्या भरल्या. माझ्या हातातल्या हिरव्या होत्या. आबांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हातारा व्हता काय रं तिथं?" दादा म्हणाला, "व्हता आबा. त्याला आधीच जाऊन भेटलो, माफी मागून घेतली. मंग घोड्यावर बसलो." आबा तेव्हा हसले. त्या सगळ्या प्रकरणात मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

प्रशिक्षण झालं, मग नेमणूक दूर तेलंगणात मिळाली. मध्ये रझाकारांचे दिवस आले, त्यांच्यामागून पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं. त्या दिवसांबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी वेगळं काय लिहू? एकच सांगते. इमामचाचांनी बाजार करणं बंद केलं होतं. ज्यांच्या लेकीबाळींचे हात त्यांनी जन्मभर भरले, ते लोक त्यांच्या दारावरून जाताना नजर चुकवायचे, आणि चाचा दार लावून घरात बसायचे. अठ्ठेचाळीस साल सरत आलं होतं. दादाची बदली आमच्या भागात झाली आणि नव्या, परप्रांतातून आलेल्या वरिष्ठ साहेबांबरोबर दौऱ्यावर तो आमच्याच गावात येणार असं कळलं.

चावडीपुढे सगळं गाव जमलं. म्हातारी मंडळी पारावर बसली होती, आबाही त्यांच्यात होते. चाचाही आले होते, पण लांब, भिंतीला टेकून एकटे उभे. घोडे दिसले. पुढे वरिष्ठ साहेब, त्यांच्या बरोबरीने दादा. साहेब आले म्हणून सगळे उठले, तशी रीतच होती. पण आबा सगळ्यांच्या आधी उठले, चटकन, गुडघ्यावर हात न ठेवता. मी चावडीच्या दारातून बघत होते, आणि ते का उठले ते मला कळलं. ते बसून राहिले असते, तर वरिष्ठांसमोर पोराला उतरावं लागलं असतं. ती लाज त्यांना त्याच्यावर येऊ द्यायची नव्हती. उभ्या माणसापुढून घोड्यावर जाता येतं.

दादालाही कळलं. त्याने घोडा थांबवला, पण तो लगेच उतरला नाही. घोड्यावरूनच म्हणाला, "आबा, खाली बसा."

"न्हाई न्हाई, तुमी साहेब हायसा..."

"आधी बसा म्हणतो ना. मंग मी उतरतो."

आबा बसले. काय करतील? दादा उतरला, लगाम हातात धरून पारापर्यंत चालत आला, आबांच्या पाया पडला. मग भिंतीपाशी गेला, चाचांचा हात धरून त्यांना पारावर आणलं आणि आबांच्या शेजारी बसवलं. वरिष्ठ साहेब घोड्यावरूनच हे बघत होते. त्यांनी हिंदीत विचारलं, हे कोण? दादा सबंध गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ये मेरे पिता हैं, साहब. और ये मेरे उस्ताद." साहेबांनी डोक्यावरची टोपी उगीचच सारखी केली. ते उतरले नाहीत, पण त्यांनी दोघांनाही हात जोडले. दुसऱ्या आठवड्यात चाचांनी राणीवर करंड्या लादल्या आणि औंढ्याच्या बाजाराला गेले. चावडीपाशी पोचेपर्यंत लोक त्यांना पुन्हा हाका मारत होते.

पुढे दादाने पुष्कळ वर्षं नोकरी केली. मला त्यानेच शिकवलं, त्याच्यामुळे मी शिक्षिका झाले. जिथे बदली होईल तिथे त्याचं पहिलं काम एकच असायचं, कचेरीत आपल्या टेबलासमोर एक लांब बाकडं टाकून घ्यायचं. साहेबासमोर रयतेने उभं राहायचं, हाच तेव्हा कायदा. दादा आलेल्या प्रत्येकाला म्हणायचा, "आधी बसा, मग बोला." लोक लाजायचे, टेकल्यासारखं करून पुन्हा उभे राहायचे. तो समोरचा माणूस नीट टेकेपर्यंत कागदाला हात लावत नसे. शिपाई वैतागायचे. घरीही तेच. कुणीही आलं, अगदी दूधवाला जरी आला, तरी याचं आधी "बसा". वहिनी म्हणायच्या, यांच्या "बसा"पायी आमच्या घरात खुर्च्या कधी पुरल्याच नाहीत.

शेवटचं भेटले तेव्हा त्याची वाचा गेली होती. मी खोलीच्या दारातच थबकले, इतका वाळलेला दादा मला बघवेना. त्याने डोळे उघडले, मला ओळखलं, आणि उशीवरचा हात महत्प्रयासाने उचलून पलंगाशेजारच्या खुर्चीकडे दाखवला... मी बसले. मी बसल्यावरच त्याने हात खाली ठेवला.

दहाव्याला गेले तेव्हा खोली तशीच होती, खुर्चीही तिथेच. सुनेने चहा आणला, म्हणाली, "आत्या, अशा उभ्या काय?"  काय सांगणार तिला? त्या खोलीत मी आजवर कधी आपण होऊन बसलेच नव्हते.